जोसेफचा मास ट्रान्सफर

शेजारी नवं माणूस राहायला आलं, की त्याच्या गोष्टी आपल्याकडं साठणारच. आपण काय कान बंद करून भांडी घासतो होय? त्यातून शेजारी टांझानियाचा, आणि कोल्हापुरात आला केमिकल इंजिनियरिंग शिकायला! दोन हजार सालच्या आसपास आमच्या भिंतीला लागलेल्या खोलीत जोसेफ चार वर्षं भाड्यानं राहिला. चार वर्षं माझ्या डोक्याला ताप!

पहिल्याच दिवशी दारात उभा राहून म्हणाला, "हाय!"

मी म्हटलं, "हाय की, घरातच हाय. काय पायजे?"

"हाय!"

"अरे, हाय म्हणते न्हवं! पुढं बोल की!"

शेवटी आमचे हे आतून ओरडले, "अगं, त्यो नमस्कार करतोय!"

*

सहा महिन्यांत मोडकंतोडकं मराठी शिकला, आणि एक दिवस तोंड पाडून आला. "काकू, इथं सगळे मला नावानं हाक मारतात. रिक्षावाला, दूधवाला, सगळे."

"मग चांगलंच हाय की!"

"पण नाव चुकीचं सांगितलंय कुणीतरी. मी पावणं न्हाय. मी जोसेफ!"

*

एकदा त्याच्या खोलीत डोकावले. सहज हो! टेबलावर भलामोठा नकाशा. खाली भट्टी, वर उंच नळकांडं, बाजूनं नळ्या. मी विचारलं, "हे काय?"

"डिस्टिलेशन, काकू. खाली उकळायचं, वाफ वर जाते, गार केली की थेंब थेंब पडतो."

मी घाबरून ह्यांना बोलावून आणलं. ह्यांनी चष्मा लावून नकाशा नीट बघितला आणि जोसेफच्या खांद्यावर हात ठेवला. "लेका, हातभट्टी शिकायला समुद्र ओलांडून आलास? आमच्या गल्लीत फुकट शिकवली असती की!"

*

तिसऱ्या वर्षी एका विषयात नापास झाला. मास ट्रान्सफर. पोरगं दोन दिवस जेवलं नाही. मी मटणाचं पातेलं घेऊन गेले आणि म्हटलं, "कोल्हापुरात राहून मासाच्या विषयात नापास? आधी मला विचारायचं न्हाईस?"

तो मला तासभर समजावत होता, की ह्यात मटण नसतं. मग असल्या विषयाला मास म्हणायचंच कशाला!

दुसऱ्यांदा बसला, परत राहिला. आता एकच संधी. व्हिसा जुलैत संपणार, त्याच्या सरकारची स्कॉलरशिपही बंद. ह्या वेळी विषय नाही निघाला, तर डिग्रीशिवाय घरी. तिकडं आई गावभर इंजिनियरची आई म्हणून मिरवत होती.

*

त्यातच व्हिसाच्या चौकशीला हवालदार आला. जोसेफ कॉलेजात. मग मीच सगळं सांगितलं. किती वाजता उठतो, कुठला साबण वापरतो, आईची पत्रं किती येतात, कुठल्या विषयात किती मार्कांनी राहिला. हवालदारानं लिहून लिहून पेन झटकलं.

"काकू, बास! तुमी आमच्या खात्यात भरती व्हा. आमाला तरी सुट्टी मिळंल."

*

निकालाच्या दिवशी मी फोनजवळून हलले नाही. जोसेफकडं फोन नव्हता, आमचाच नंबर दिलेला. दुपारी त्याच्या मित्राचा फोन आला. "काकू, जोसेफला सांगा, मास ट्रान्सफर सुटला!"

गल्लीतल्या पोरांमुळं मला ही भाषा पाठ. राहिला म्हणजे नापास, सुटला म्हणजे पास. साखरेचा डबा घेऊन अनवाणी पळाले.

"जोसेफ! सुटला रे, सुटला तुझा मास ट्रान्सफर!"

पोरगं मटकन पायरीवर बसलं. डोळ्यांतून धारा. माझेही डोळे भरले. त्याच्या तोंडात साखर घातली, तर हुंदके आणखी वाढले! मग उठला, खोलीत गेला आणि पत्र्याची ट्रंक ओढून कपडे कोंबायला लागला.

"अरे, आजच निघालास? पेढे तरी वाट की, लेका!"

जोसेफ मागं ट्रेनिंगला सहा महिने रोज एस.टी.नं कबनूरच्या कापड रंगवायच्या कारखान्यात जायचा. त्याचं निम्मं मराठी स्टँडवरचं. नाक पुसत म्हणाला,

"काकू, कबनूरची गाडी पण अशीच. मी पोचलो, की सुटली!"