आहार गटातली ताई

“कोण बसून हाय आन् कोण पडून?”

हा तिचा पहिला प्रश्न असायचा. नमस्कार नाही, ‘आवाज येतोय का’ हेही नाही. मोबाईल तोंडाच्या इतका जवळ धरायची की आम्हाला पडद्यावर तिचं कपाळ आणि एक भुवई एवढंच दिसायचं. मग एकेकीचं उत्तर यायचं. “बसून.” “पडून.” “पडूनच हाय ताई.” त्यावर ती म्हणायची, “चालतंय. आडवं पडून बी ऐकू येतं.” एवढं झालं की गट सुरू व्हायचा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी अडीच वाजता. घरातली मोठी माणसं तेव्हा जेवून कलंडलेली असतात आणि तान्ही पोरंही बहुतेक झोपलेली असतात.

तिचं नाव मी लिहीत नाही. भोरजवळच्या उत्रोलीची ती सून. घरी भाताची शेती, विधवा सासू, नवरा शिरवळच्या एका कंपनीत पाळीनं कामाला. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण गटात सगळ्याच एकमेकींना ताई म्हणत, त्यामुळे ती माझीही ताईच झाली. शिक्षण बारावी. डॉक्टर नाही, नर्स नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, “म्या काय औषध देणार? म्या नुसती तिथवर जाऊन आलेली बाई हाय.”

तिथवर म्हणजे कुठवर, ते आधी सांगायला हवं. बाळंतपणानंतर काही बायकांचं मन खचतं. झोप उडते, कारण नसताना रडू येतं, पोटच्या पोराकडे बघून काहीच वाटत नाही आणि मग नको नको ते विचार यायला लागतात. कुणाचं आठ दिवसांत निवळतं, कुणाचं महिनोन्‌महिने निवळत नाही. डॉक्टरांकडे त्याला नाव आहे, गोळ्या आहेत. आमच्या भागात त्याला बाळंतिणीची थेरं म्हणतात. तुम्हीही कधीतरी म्हटलं असेल. मी तर माझ्या चुलतजावेला तोंडावर म्हटलं होतं.

ताईला ते पहिल्या मुलीच्या वेळी झालं. पहिलं बाळंतपण माहेरी, भाटघरकडच्या एका गावात. भावानं वेळेवर ओळखलं आणि तिला पुण्याला डॉक्टरकडे नेलं. आठ महिने गोळ्या चालल्या, ती बरी झाली. सासरी सांगितलं की कावीळ आहे, म्हणून मुक्काम लांबला. पुढे त्याच डॉक्टरांच्या ओळखीतल्या एका संस्थेनं अशा बऱ्या झालेल्या आयांना शिकवून असे गट चालवायला दिले. ताईनं तो शिकवणीचा वर्गही मोबाईलवरच केला, गोठ्याच्या माळ्यावर बसून. घरात रेंज नव्हती. नंतर गटही ती त्याच माळ्यावरून चालवायची आणि मधूनच म्हैस अशी ओरडायची की आमच्यातल्या एखादीचं तान्हं जागं व्हायचं.

मी वेल्ह्याची. तहसील कचेरीसमोर आमचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि लोकांचे अर्ज मी लिहून देते. दुसऱ्याचं गाऱ्हाणं कागदावर उतरवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, पण स्वतःचं सांगायची वेळ आली तेव्हा पाच आठवड्यांचं पोर कुशीत घेऊन मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. गटात सहा वेळा नुसती “पडून” एवढंच म्हणाले. सातव्या वेळी तोंडून निघालं, “मला हे पोर नको वाटतं.”

वाटलं, आता ताई मला आईपणाचे चार शब्द सुनावणार. ती म्हणाली, “बरं. अजून कुणाला नको वाटतं?” मग एक आवाज आला, “मला.” मग दुसरा. मग शिवऱ्याची ताई, जी कधीच बोलायची नाही, ती म्हणाली, “मला बी.” मी त्या दिवशी तासभर रडले आणि पुढच्या मंगळवारी उठून बसले. माझ्यावर तिचं ऋण आहे ते हे. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना हे विसरू नका. मी विसरले होते.

आता त्या गटाची गंमत. घरात सांगणार काय? सून मोबाईलवर वेडाचे उपचार घेते म्हटलं तर मोबाईल चुलीत गेला असता, अशी आमची खात्री होती. म्हणून ताईनं गटाचं नाव ठेवलं ‘बाळ-बाळंतीण आहार गट’. आणि नियम असा की कुणाच्याही घरात कुणी जवळ आलं तर तिनं “अळीव” म्हणायचं, आणि मग सगळ्यांनी लाडवांवर यायचं.

एकदा शिवऱ्याची ताई हुंदके देत सांगत होती की तिला घर सोडून निघून जावंसं वाटतं, आणि मधेच म्हणाली, “अळीव.” त्याच श्वासात आमची ताई सुरू. “तर अळीव नारळाच्या पाण्यात भिजवायचं, चांगलं फुगू द्यायचं, मग खोबरं आन् गूळ घालून मंद आचेवर.” भोरच्या एका मुसलमान घरातली ताई होती, तिनं वर खसखस सुचवली. मी खारकेची पूड. शिवऱ्याच्या ताईचा नवरा म्हणे तिथंच मांडी घालून बसला आणि त्यानं सगळं लिहून घेतलं. पुढच्या शुक्रवारी तिनं सांगितलं, त्यानं स्वतः लाडू वळले आणि खोबरं जास्त पडलं. आम्ही सगळ्या हसलो. ताई हसताना मोबाईल दूर जायचा, तेव्हा कुठे तिचा पूर्ण चेहरा दिसायचा.

समोरासमोर मी तिला एकदाच भेटले, भोरच्या एसटी स्टँडवर. मी मुलाला लस द्यायला नेलं होतं. “वेल्ह्याच्या ताई न्हवं?” मागून आवाज आला. माझं कंडक्टरशी सुट्या पैशांवरून भांडण चाललं होतं आणि तेवढ्या आवाजावरून तिनं मला ओळखलं होतं. बारकीशी बाई, हातात मेथीची जुडी. माझ्या मुलाची बोटं मोजल्यासारखी एकेक धरून पाहिली आणि म्हणाली, “लई ग्वाड हाय. आता हवाय ना?” मी मान हलवली. तिचे डोळे भरले. मग लगेच मला म्हणाली, “मला दिवस गेल्यात. गट तुमी चालवा आता थोडं दिवस.”

दुसरं बाळंतपण आपल्याकडे सासरीच होतं. मुलगा झाला. महिन्याभरानं ती गटात परत आली, पण मोबाईलचा कॅमेरा बंद. मी तिच्याच पद्धतीनं विचारायची, कोण बसून, कोण पडून. सगळ्या उत्तर द्यायच्या. ती म्हणायची, “म्या नुसती ऐकाया आली.” मी पुढच्या कामाला लागायची. एकदा भोरच्या ताईनं विचारलं, “ताई, तुम्हाला बरं आहे ना?” तर ती म्हणाली, “माजं झालंय मागं. मला वळखाया येतं.” आम्हाला ते पटलं. जिनं आम्हाला ओळखायला शिकवलं, ती स्वतःला ओळखणार नाही का?

एका सोमवारी दुकानात गर्दी असताना तिच्या नंबरवरून फोन आला. बोलत होती तिची सासू.

“तुमी त्या आहाराच्या गटातल्या का? हिच्या मोबाईलात तुमचंच नाव वरती हुतं. ही जेवत न्हाई ओ. लेकराला हात लावत न्हाई. नुसती भिताडाकडं तोंड करून पडती. दूध बी आटलंय. तुमी बाळंतिणीला काय काय देता, ते सांगा की मला.”

मला सगळं कळलं होतं. तिसऱ्या वाक्याला कळलं होतं, हे मी शपथेवर सांगते. म्हणायचं होतं एवढंच, ‘मावशी, तिला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या, मनाच्या डॉक्टरकडे.’ पण कानात सासूचा आवाज होता, आणि सासूचा आवाज आला की काय करायचं ते दीड वर्षांत जिभेला वळण पडलं होतं. त्यात ताईनं मला कितीदा बजावलेलं, तिचं पहिलं दुखणं सासरी कळता कामा नये. मी म्हणाले, “मावशी, अळीव नारळाच्या पाण्यात भिजवा. चांगले फुगू द्या.” डिंकाचे सांगितले, मेथीचे सांगितले, शतावरी दुधातून द्या म्हणाले. पाच मिनिटं बोलत होते. समोरचा माणूस सातबाऱ्याच्या झेरॉक्ससाठी ताटकळला होता. सासू प्रत्येक गोष्टीला “व्हय, व्हय” म्हणत होती.

संध्याकाळी मी ताईला मेसेज टाकला. तिचं उत्तर आलं, “उद्या ऐकाया येते.” मंगळवारी ती आली नाही. फोन केला, उचलला नाही. मी ठरवलं, रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा उत्रोलीला जाऊन येऊ. तिच्या भावाचा नंबर माझ्याकडे होता. संस्थेच्या बाईंचाही होता. चारचौघांत बोभाटा नको म्हणून मी दोघांनाही फोन केला नाही. गुपित राखल्याचं मला तेव्हा थोडं बरंही वाटलं होतं.

शनिवारी सकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला. ती गेली होती. कशी गेली ते मी सांगणार नाही. गावानं ते पुष्कळ चघळलं आहे.

गट त्यानंतर एकदाच भरला. कोणीच कॅमेरा लावला नाही, आणि पहिला प्रश्न विचारायला माझं तोंड उघडेना. शिवऱ्याच्या ताईनं फोन ठेवला, मग भोरच्या ताईनं. पुढच्या शुक्रवारी मी लावलाच नाही.

पंधरा दिवसांनी मी उत्रोलीला गेले. सासू ओटीवर बाळाला मांडीवर घेऊन वाटीचमच्यानं दूध पाजत होती. मोठी मुलगी शेजारी बसून फडक्यानं त्याची हनुवटी पुसत होती. मी कोण ते सांगितलं तशी ती म्हातारी बाळाला गोधडीवर निजवून उठली, आत गेली आणि तीन डबे आणून माझ्यासमोर ठेवले. अळिवाचे, डिंकाचे, मेथीचे. एकसारखे वळलेले, एकही खाल्लेला नाही.

“तुमी सांगितलं तसंच केलं समदं,” ती म्हणाली. “नारळ भोरवरनं आणलं. रोज तिच्या उशाशी वाटी ठिवायची म्या. काय चुकलं का ओ माजं?”

मी म्हणाले, “नाही मावशी, तुमचं काही चुकलं नाही.” आणि मग सगळं सांगितलं. आहाराचा गट आहाराचा नव्हता हे सांगितलं, कावीळ कावीळ नव्हती हे सांगितलं. त्या दिवशी फोनवर मला कळलं होतं, हेही सांगितलं. वाटलं, ही आता मला ओटीवरून खाली ढकलेल. मनातून मला तेच हवं होतं.

तिनं बाळाला परत मांडीवर घेतलं. दूध गार झालं होतं.

“माजं बी झालं हुतं तसं,” ती म्हणाली. “ह्येच्या बापाच्या टायमाला. साडेतीन म्हयनं म्या त्येला जवळ घेतलं न्हवतं. आमच्या सासूला बी सांगितलं न्हाई, कुनालाच न्हाई.” मग माझ्याकडे पाहिलं. “मला एक शब्द सांगायचा व्हता ओ. म्या नेली असती तिला.”

तिनं पदरानं बाळाचं तोंड पुसलं आणि ती परत तेच म्हणाली, “म्या नेली असती.”

उत्रोलीहून भोरचा दवाखाना लांब नाही. चालतसुद्धा जाता येतं.