उकाड्यातल्या शाली

आमच्या अंबरनाथमधल्या चौकाला बर्फाळ सीमेवर लढताना गेलेल्या एका तरुण जवानाचं नाव दिलंय. त्याच्या स्मृतिदिनाला, भर मे महिन्यात, तिथे मंडप उभा राहतो. बॅनरवर साहेब पुरुषभर उंच आणि जवान पासपोर्ट फोटोएवढा. सूत्रसंचालन माझ्या गळ्यात असतं, म्हणून जवानाच्या आईच्या, म्हणजे मावशींच्या शेजारची खुर्ची मला मिळते.

मावशी घामाने निथळत असतात. पण कुठल्याही पक्षाचे साहेब आले, की मावशींच्या खांद्यावर लोकरीची शाल पडते. फोटो नीट आला नाही, तर तीच शाल काढून पुन्हा घालतात. साहेब गेले, की मावशी ती चौघडी करून मांडीवर ठेवतात.

यंदा न राहवून मी विचारलं, "मावशी, एवढ्या शालींचं करता काय?"

"कपाटात ठिवते," त्या म्हणाल्या. "पोरगं शेवटच्या फोनवर म्हणालं होतं, आई, हितं लई थंडी हाय. थंडी त्याला वाजत होती, शाली मला घालत्यात."

तेवढ्यात पुढचे साहेब स्टेजवर चढले. मी माईकवर "वीरमातेचा सत्कार" पुकारला. मावशींनी सवयीने मान पुढे केली.