स्वेटरसाठी शिवलेली झोळी

बायको वळसंगला माहेरी गेली होती, तेव्हा तिला खूश करावं म्हणून मी तिचा लोकरीचा स्वेटर धुतला. इथवर ठीक होतं. पण माझी उभी हयात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात गेलेली. ओलं कापड दिसलं की दोन टोकं धरून झटकायचं, तारेवर ताणून चिमटे लावायचे, हे हातांना लागलेलं वळण. स्वेटरलाही तेच केलं. संध्याकाळी गच्चीवर जाऊन पाहतो, तर बाह्या लोंबून गुडघ्याला आलेल्या आणि खांद्यांवर चिमट्यांचे दोन कान उभे.

बायको आली, तिने स्वेटर पाहिला आणि नुसतं "बरं" म्हणाली. मला घाम फुटला.

कारण स्वेटर सासूबाईंनी विणलेला. आता त्यांना नीट दिसत नाही, तेव्हा दुसरा होणे नाही. आणि त्या रविवारी यायच्या होत्या. आल्या की स्वेटर मांडीवर घेऊन बोटांनी चाचपायचा, हा त्यांचा नेम.

"परत भिजवून, हाताने आकारात बसवून, आडवा वाळवला तर येईल जागेवर," बायको म्हणाली. "पण आडवा घालायचा कुठं? फरशीवर खालून ओलाच राहतो."

"मी शिवतो काहीतरी. टांगायची झोळी."

"तुम्ही?" तिने शिलाई मशीनचं झाकण दाबून धरलं. "आधी सांगा, आणखी काय काय धुतलंय?"

काहीच धुतलं नव्हतं. तरी तिने कपाट उघडून इरकली साड्यांच्या घड्या तपासल्या.

पहिली झोळी मी अर्थातच टॉवेलची शिवली. टॉवेलने पाणी पिऊन घेतलं आणि दिवसभर उन्हात राहूनही स्वेटर पोटाकडून गारच. मग जुन्या मच्छरदाणीची जाळी कापली, तिच्या कडा दुमडून टीप मारली. मधे झोळ पडू नये म्हणून दोन्ही टोकांना परकराला असतो तसा नेफा केला आणि त्यात काठ्या सरकवल्या. काठ्यांच्या टोकांना नाड्या बांधून झोळी दोन तारांमधे टांगली. वारा आता वरूनही लागत होता, खालूनही.

शेजारच्या गच्चीवरच्या काकू बराच वेळ बघत होत्या.

"मासे धरताय काय, भाऊ?"

"स्वेटर वाळवतोय."

"सोलापुरात?" असं म्हणून त्या जिन्याकडे गेल्या, पण खाली उतरल्या नाहीत. दाराआडून त्यांचा पदर दिसत होता.

स्वेटर पुष्कळसा जागेवर आला. बाह्या तेवढ्या दोन बोटं लांबच राहिल्या. "चालून जाईल," मी म्हणालो.

रविवारी सासूबाईंनी चहाच्या आधी स्वेटर मागितला. खांदे चाचपले. मग बाही. मग तीच बाही परत.

"धुतलं कुणी गं?"

"यांनी."

"जावईबापूंनी? कशापायी?"

"सहज," मी म्हणालो.

"सहज," त्या म्हणाल्या. "आन् वाळवलं कशावर?"

मी झोळी आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी टीप बोटाने तपासली, नेफ्यातली काठी हलवून पाहिली.

"झ्याक हाय की. शिवली कुणी?"

"मीच."

त्यांनी झोळी माझ्याकडे परत दिली. स्वेटरची घडी करून बाजूला ठेवली आणि चहा प्यायल्या. मला वाटलं, सुटलो. स्वयंपाकघरात जाऊन बायकोला तसं सांगितलंही.

"सुटलो कसले," ती म्हणाली. "बाहीचं तिला हात लावताच कळलंय. तेवढ्यावर दोन शब्द बोलून ती सोडून देणार होती. पण जावई धुतो काय, मशीनवर बसून शिवतो काय, म्हणजे यानं याहून मोठं काहीतरी बिघडवून ठेवलंय, असं घेतलंय तिनं मनात. आत्ताच कप देताना मला हळूच विचारत होती, आठ दिवस राहिले तर चालंल का म्हणून."