डावीकडे सरकारी, उजवीकडे प्राइव्हेट

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. आमच्या थोरल्या साडूंइतका न्यायी माणूस अख्ख्या भोपाळात शोधून सापडायचा नाही, आणि त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाच माझा सल्ला मागितला, तेव्हा मी त्यांच्याशी खोटं बोललो. समोर बसून, त्यांच्या डोळ्यांत बघून. तेव्हापासून रविवारी सकाळी गल्लीत त्यांच्या स्कूटरचा आवाज आला की मी खुर्चीतून उठतो, खिडकीशी जातो, परत येऊन बसतो, पुन्हा उठतो. बायको म्हणते, "बीपी तपासून घ्या एकदा." तपासलं. नॉर्मल आहे. पण आधी साडूंबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी नेमकं काय बिघडवलं ते कळायचं नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. आम्ही सगळे त्यांना भाऊजी म्हणतो. मूळचे नागपूरचे, पण सगळी हयात बरखेड्यातल्या कारखान्याच्या क्वार्टरात गेली. कारखाना सरकारी, भाऊजी तिथे फिटर म्हणून लागले आणि फोरमन म्हणून निवृत्त झाले. मी भोपाळजवळ मंडीदीपला एका प्राइव्हेट कंपनीत. दोन साडू एकत्र आले की एकमेकांच्या नोकऱ्या जोखतातच, त्यात नवल नाही; पण भाऊजींनी त्याचं शास्त्र केलं होतं. दर रविवारी ते आमच्याकडे पोहे खायला यायचे आणि पोहे पुढ्यात आले की आधी त्यातले शेंगदाणे वेचून एका रिकाम्या बशीत घ्यायचे. बशीची डावी बाजू सरकारी, उजवी प्राइव्हेट. मग एकेक सवलत, एकेक गैरसोय घेऊन दाणे इकडून तिकडे सरकायला लागायचे. "क्वार्टर. एक दाणा आमचा. दवाखाना, बायकापोरांसकट. आणखी एक. तुमच्याकडे एसी आहे, सतीशराव, नाही म्हणत नाही मी. हा घ्या, तुमचा." पोहे गार होत, वरची शेव मऊ पडे, ताई ओरडत, "अहो, खा की आता, दाणे काय पळून चाललेत?" पण निकाल लागल्याशिवाय भाऊजींच्या तोंडात घास जायचा नाही. निकाल लागला की जिंकलेल्या बाजूचे दाणे जिंकणाऱ्याने खायचे. बावीस वर्षांत मी फार शेंगदाणे खाल्ले नाहीत.

याचा अर्थ ते सरकारीची बाजू घेत असा कुणी काढू नये. क्वार्टरचं छत गळायला लागलं आणि तक्रार देऊन दोन पावसाळे उलटले, तेव्हा त्यांनी डावीकडचा क्वार्टरचा दाणा उचलला, दातांनी बरोबर मधून फोडला आणि अर्धाच परत ठेवला. "छत आहे, पण गळतं. पूर्ण कसा देऊ?" त्यांच्या हाताखालचा एक जण कुणाच्या तरी ओळखीने त्यांच्या आधी वर चढला, तर त्या रविवारी आल्या आल्या, बूट काढायच्या आधी त्यांनी जाहीर केलं, "आज उजवीकडे दोन दाणे जास्त. आमच्याकडे राबणारा आणि पेपर वाचणारा, दोघांचा पगार सारखाच." उलट कंपनीने मला लॅपटॉप दिला म्हणून मी छाती फुगवून दाण्याकडे हात नेला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "घरी न्यायचा का तो?" म्हटलं, हो. "म्हणजे घरीही काम. हा दाणा आमचा." आणि दाणा डावीकडे गेला. एकदा पोहे चालू असताना साहेबाचा फोन आला म्हणून मी गॅलरीत जाऊन अर्धा तास बोलत राहिलो. परत येऊन बघतो तर उजवी बाजू जवळजवळ ओस पडलेली. "इतवारी फोन आला," एवढंच ते म्हणाले, खेदाने.

भोपाळात त्यांच्या चौकशीतून कोणी सुटलं नाही. दूधवाला, बँकेच्या दारातला गार्ड, लग्न जुळवायला आलेली मंडळी, सगळ्यांना पहिला प्रश्न, "भैया, परमनंट हो कि ठेके पे?" आमच्या घरच्या सत्यनारायणाला आरती संपते न संपते तोच त्यांनी गुरुजींना गाठलं. "गुरुजी, तुम्ही प्राइव्हेटच म्हणायचे की. पेन्शन नाही, फंड नाही, मेडिकल नाही." गुरुजी शांतपणे दक्षिणा कनवटीला लावत म्हणाले, "पण साहेब, आमच्या खात्यात कधी छाटणी नाही." भाऊजी इतके खूश झाले की त्यांनी प्रसादातला बेदाणा काढून गुरुजींच्या हातावर ठेवला. ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मात्र ते अस्वस्थ होऊन आले. एका सरकारी दवाखान्यात दोन नर्सबाया ताईंची पट्टी बदलत होत्या. एकीने पट्टी धरलेली, दुसरी गुंडाळतेय. भाऊजींनी अर्थातच विचारलं. एक पक्की, दुसरी एजन्सीकडून आलेली, पगार पक्कीच्या निम्म्याहून कमी, आणि बाळंतपणाची रजा म्हणजे सरळ घरी जाणं. त्या रविवारी एक दाणा बोटात धरून ते कितीतरी वेळ बसले. "सरकारी दवाखान्यात काम करते, म्हणून डावीकडे ठेवू? की पगार प्राइव्हेट, म्हणून उजवीकडे? सांगा, सतीशराव, हिला ठेवायची कुठे?"

आता ते सांगतो, जे सांगायला बसलोय. पुढे ढकलण्यासारखं काही उरलेलं नाही.

भाऊजींची एकुलती एक मुलगी मीनल. इंजिनियर. तिच्या हातात एकाच महिन्यात दोन पत्रं आली. एक राज्य सरकारच्या खात्यातलं, सब-इंजिनियरचं, नेमणूक छिंदवाड्याकडच्या तालुक्याच्या गावी. दुसरं पुण्याच्या एका प्राइव्हेट कंपनीचं, पगाराचा आकडा दुप्पट. पोरीचा ओढा पुण्याकडे. भाऊजी रविवारी नेहमीपेक्षा तासभर आधी आले, एकटेच. आमच्याकडे त्या दिवशी उपमा होता. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. शेंगदाणे घरून आणले होते.

"आज भांडायला नाही आलो, सतीशराव. विचारायला आलोय. तुम्ही आतले आहात. जे असेल ते सांगा."

"विचारा ना, भाऊजी."

"पत्रात लिहिलेला पगार हातात पडतो?"

पडत नाही. कंपनीने भरायचा फंड, विमा, बसभाडं, सगळं त्या आकड्यात कोंबलेलं असतं, हे मला पाठ होतं. मी म्हणालो, "जवळजवळ."

एक दाणा उजवीकडे.

"कामाचे तास?"

"पोरांना तेच आवडतं, भाऊजी. कामात असतात."

आणखी एक. मग त्यांनी पुडीतला शेवटचा दाणा उचलला आणि माझ्याकडे बघितलं. "आणि काढून टाकतात का हो? खरं सांगा. माझा जीव फक्त तेवढ्यात अडकलाय."

त्याच महिन्यात माझ्या विभागातल्या अकरा जणांना कंपनीने काढलं होतं. त्यात आमचा एक फिटर होता, नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग जातंय ते सांगणारा. आणि मला केबिनमध्ये बोलावून कमी पगारावर राहण्याच्या कागदावर सही घेतली होती. घरी मी सांगितलं होतं की पगार लांबलाय. हे सगळं जिभेवर होतं. मी म्हणालो, "कामाच्या माणसाला कोण काढतं, भाऊजी?"

त्यांचा चेहरा असा सैलावला की मला तिथेच उठून पळून जावंसं वाटलं. दाणा उजवीकडे गेला. उजवी बाजू जिंकली. "घ्या, तुमचे," म्हणून त्यांनी बशी माझ्यापुढे सरकवली आणि मी ते दाणे एकेक करून खाल्ले.

का बोललो तसं? शेकडो रात्री, दिवसा, स्कूटरवर, जिन्यात स्वतःला विचारलंय. पोरीचं मन मोडू नये म्हणून, असं काही दिवस स्वतःला पटवून पाहिलं. ते खरं नाही. बावीस वर्षं मी त्या माणसासमोर हरत आलो होतो, आणि ज्या महिन्यात मी सगळ्यात जास्त हरलो होतो, नेमका त्याच महिन्यात तो माझ्याकडून शिकायला आला. मला ते जिंकणं सोडवलं नाही.

मीनल पुण्याला गेली. सव्वा वर्षाने एका सकाळी स्क्रीनवर वीस मिनिटांची मीटिंग झाली आणि तिचं अख्खं प्रोजेक्ट बंद. ती कामाची होती, फार कामाची. इकडे खात्यातली तिची जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळून गेलेली. त्या पदाची भरती त्यानंतर निघालेली नाही. मीनल आता भोपाळलाच एका सरकारी ऑफिसात एजन्सीमार्फत काम करते. दर मार्चमध्ये करार वाढतो की नाही, म्हणून ताई देव पाण्यात घालतात. शेजारच्या टेबलावर पक्की मुलगी बसते. काम एकच. मीनल मला भेटली की हसते, "काका, कसे आहात?" म्हणते. मी घड्याळाकडे बघतो.

आणि भाऊजी? त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. उलट ज्याला त्याला सांगत सुटले, "चूक माझी. बाप असून मला नीट चौकशी करता आली नाही." माझ्यादेखत सांगतात. इंद्रपुरीला परवा एक लग्न होतं. जेवणाच्या टेबलावर नवरदेवाचे मामा, जुने गृहस्थ, भाऊजींची ख्याती ऐकून असलेले, मोठ्याने म्हणाले, "अरे, हे आले! सांगा हो, आमच्या पोराला दोन ऑफर आल्यात. सरकारी घेऊ दे की प्राइव्हेट?" सगळे हसून त्यांच्याकडे वळले. मीही वळलो, वाटलं, आता रंगणार.

भाऊजी पाण्याचा ग्लास खाली ठेवत म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही हो. दुसऱ्या कुणाला विचारा."

मामांनी मग तोच प्रश्न मला विचारला. मी उठून हात धुवायला गेलो.

भाऊजींनी त्या दिवशी अगदी बरोबर प्रश्न विचारला होता, उत्तर मला माहीत होतं, आणि मी खोटं बोललो. हे त्यांना आणि मीनलला सांगायचं माझ्याकडे बाकी आहे.