येरळेच्या उतारावर थांबलेली गाडी

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून आत जाते. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, आणि आता नव्वदी ओलांडल्यावर तर ज्यांची भुतं व्हायची ती सगळी माझ्याच ओळखीची! पण परवा पुण्यात नातू मला गाडीतून बर्गर खायला घेऊन गेला. खिडकीतली मुलगी म्हणाली, "गाडी थोडी पुढे घेऊन थांबा, आणून देते." नातू वैतागला... आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. म्हणून हे लिहितेय.

चाळीसच्या दशकातली गोष्ट — लढाई चालू होती. माझं सासर कुंडलला, माहेर सांगलीत. पहिलं बाळंतपण माहेरी, पण न्यायला येणारा भाऊ पलटणीत. म्हणून मामंजी, म्हणजे माझे सासरे, स्वतःच बैलगाडीतून सोडायला निघाले. माणूस प्रेमळ, पण डोकं कायम तापलेलं.

येरळा ओलांडायच्या अलीकडे, उतारावर एका मावशीचं चहा-भज्यांचं खोपट होतं. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना निवडुंग. एक गाडी थांबली की मागच्या सगळ्या अडकायच्या. म्हणून मावशीनं शिस्त लावली होती. गाडीतूनच ओरडून सांगायचं. चहा तयार असे, तो घेणारा लगेच मोकळा. ज्याला भजी तळून हवीत त्यानं गाडी पुढं बाभळीखाली लावायची, मावशी तिथं आणून द्यायची. एकाच्या भज्यांपायी मागच्या दहाजणांनी का ताटकळायचं? नातवाला म्हटलं, तुझ्या बर्गरवाल्यांनी काही नवीन काढलेलं नाही.

त्या दुपारी मामंजी ओरडले, "मावशे, दोन चा दे गं!"

धुरातून खणखणीत आवाज आला, "गाडी फुडं घ्या, वाईच थांबा!"

"आगं, नुसता चा हाय!" मामंजी म्हणाले. मागं एकही गाडी नव्हती.

"फुडं घ्या म्हनते न्हवं!"

मामंजींनी कुरकुरत गाडी बाभळीखाली घेतली. समोर येरळेचं पात्र कोरडं ठणठणीत. त्या वाळूत चाकं रुतायची, पलीकडं जायला बराच वेळ लागे. चहा काही येईना. "ऱ्हाऊ दे तिचा चा, पल्याड पिऊ," म्हणत मामंजींनी कासरा उचलला.

"मामंजी, चा घिऊनच जाऊ," मी म्हटलं. त्यांच्यासमोर मी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. त्यांनी कासरा खाली ठेवला.

तेवढ्यात वरच्या अंगानं घरघर ऐकू आली... आमच्या डोक्यावर रणरणतं ऊन, पण वर खटावाकडं पाऊस झाला असणार. अख्खी झाडं घेऊन गढूळ पाण्याचा लोंढा आला आणि बघता बघता पात्र भरलं. निघालो असतो तर त्या वेळी आम्ही ऐन मध्यावर असतो — मामंजी, मी, बैल आणि पोटातलं पोर.

आम्ही दोघं खोपटाकडं गेलो. मावशी एकटीच, गळ्याला फडकं गुंडाळून चुलीपुढं बसलेली. दोन पेले भरून ठेवलेले, वर साय धरलेली. आम्हाला बघताच तिनं झारा कढईवर आपटला. आवाज कसाबसा फुटला, "कवापास्नं झारा वाजवतीया! चा न घेताच फुडं का गेलासा?"

"तूच तर वरडलीस!"

"आवं, कालपास्नं घसा बसलाय माजा. मी कुटली वरडतीया?"

मामंजी वाकले आणि चक्क तिच्या पाया पडले. "आवाज तुजाच व्हता, मावशे."

तिनं पेले पुढं सरकवले. "आसंल बाबा. चा घ्या, निवला."

तो गार चहा पिताना मी हमसून हमसून रडले.

सांगलीत मला मुलगी झाली, या नातवाची आई. पुढं मामंजी बाजाराला जाताना नुसता चहा घ्यायचा असला तरी गाडी बाभळीखालीच लावायचे. पेला घेऊन तिथवर चालत यावं लागतं म्हणून मावशी त्यांना शिव्या घालायची.

तो आवाज कुणाचा, हे मला आजही सांगता येत नाही. खूप डोकं चालवून पाहिलं, मग सोडून दिलं. ज्याचा असेल त्याला रोज हात मात्र जोडते.

परवा नातू हॉर्न वाजवायला निघाला, तेव्हा मी त्याचा हात धरला. "थांब रं. तुझी आई पोटात असताना मी अशीच थांबले होते, म्हणून तू हायस." खिडकीतली मुलगी धावत पुडा घेऊन आली. "सॉरी आजी, तुम्हाला थांबवलं."

"बरं केलंस बाई," मी म्हटलं.