आज आमचा नंबर

“आडनाव काय म्हणालात?” मुख्याध्यापकांनी दुसऱ्यांदा विचारलं.

मी सांगितलं. या वेळी मोठ्यानं.

“हां. मग तुमी स्वच्छतेचं बघा. आज तपासणी हाय. मुलींच्या संडासाकडं जरा लक्ष द्या.”

पलूसजवळची शाळा. बी.एड.च्या सराव पाठांसाठी आम्ही पाच जणी गेलो होतो. चौघींना वर्ग मिळाले. आडनाव दोनदा विचारलं ते फक्त मला. माझ्या हातात विज्ञानाच्या पाठाचं टाचण होतं आणि पिशवीत मुळासकट उपटलेलं ज्वारीचं ताट. कवठे महांकाळहून एसटीत मांडीवर धरून आणलेलं. सातवीच्या पोरांना तंतुमुळं दाखवायची होती.

आमच्या आख्ख्या घराण्यात फळ्यासमोर उभी राहणारी मी पहिली. पोरं हसतील, आवाज फुटणार नाही, असली भीती घेऊन आले होते. असं काही होईल हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

मी गेले. होय, गेले. गुण त्यांच्या हातात होते म्हणून गेले. आजही स्वतःचाच संताप येतो.

संडासाजवळ तीन मुली आधीच होत्या. हातात खराटे, गणवेश गुडघ्यापर्यंत ओले. तिघी सातवीतल्या. एकीचं नाव काजल.

“वर्ग न्हाई का तुमचा?” मी विचारलं.

“हाय की. पण आज आमचा नंबर हाय.”

“आणि उद्या कुणाचा?”

एवढं साधं या बाईंना कसं कळत नाही, अशी ती बघत राहिली.

“आमचाच की.”

तिघी एकाच वस्तीतल्या. कुठल्या, ते मला विचारावं लागलं नाही.

मला माझी चौथी आठवली. आमचे गुरुजी म्हणायचे, “ही पोरगी लय झकास झाडती.” मला ते कौतुक वाटायचं. घरी पळत येऊन आईला सांगायचे. आई भाकरी थापत राहायची. मला वाटायचं, तिला शाळेतलं काय कळतंय! तिला सगळं कळत होतं. मलाच बारा-तेरा वर्षं लागली.

डोकं भणाणलं.

“ठेवा ते खाली. हात धुवा. वर्गात चला.”

काजल हलेना. “सर मारतील, बाई.”

“मी हाय.”

व्हरांड्यात मुख्याध्यापक आडवे आले. “आवं, हे काय चाललंय? तपासणीवाले येतील आता.”

“येऊ द्या. त्यांनाच विचारते, रोज ह्याच तिघी का.”

“शेरा मला लिहायचाय. ध्यानात हाय न्हवं?”

“हाय. लिवा.”

कॉलेजात घोटून घेतलेली शुद्ध भाषा गळून पडली. पडू दे. तिघींना घेऊन मी सातवीच्या वर्गात शिरले आणि पाठ सुरू केला.

पाठ काही चांगला झाला नाही. फळ्यावरचं चित्र वाकडं आलं. पण तिघी पहिल्या बाकावर होत्या आणि ताट काजलच्या हातात होतं. मुळं मोजताना ती दोनदा चुकली, तिसऱ्यांदा पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

शेरा आला. ‘उद्धट. शिक्षकी पेशास अयोग्य.’

कॉलेजातल्या मॅडमनी समोर कोरा कागद ठेवला. “माफी लिहून दे. तुझ्या भल्याचं सांगते. आधी नोकरी लागू दे, मग कर काय सुधारणा करायच्या त्या.”

मी लिहिली नाही. सराव पाठ दुसऱ्या शाळेत पुन्हा करावे लागले. वर्ष गेलं.

नोकरी लागली की माणूस काय करतो, ते मी बघितलंय. पलूसच्या त्या शाळेत अकरा शिक्षक होते. घरी चांगलीच माणसं असतील. रोज त्या मुलींच्या शेजारून वर्गात जायची आणि जाऊन समतेचा धडा शिकवायची.

आता मला भीती एकच आहे. कायम झाल्यावर एखाद्या सकाळी मलाही काही दिसेनासं होईल.

ते मी होऊ देणार नाही. मी बाई होणार. त्यांच्या शेऱ्यासकट होणार. आणि माझी एक जरी पोरगी वर्गाबाहेर असली, तर पुस्तक उघडणार नाही. आधी ती आत येईल. मग पाठ.