दाजींच्या मुठीचं माप

माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बत्तीस वर्षं एकाच खुर्चीमागे उभं राहून लोकांच्या दाढ्या करत आले. मी प्लंबर. दाजी मला 'पाना' म्हणतात. माझं खरं नाव त्यांना आठवतं की नाही, मला शंकाच आहे. त्यांच्या दुकानात दोन खुर्च्या, दोन आरसे, खिडकीखाली एक बाकडं आणि मी बसवलेला एक नळ. तो नळ गळतो असं दाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. तो गळत नाही. मी दहा वेळा तपासलाय.

दुसरी खुर्ची माझ्या भाचीची. केस कापण्यात ती बापाच्या दोन पावलं पुढे आहे, पण हे दुकानात कुणी बोलायचं नाही. एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला दाजी बँकेतल्या एका निवृत्त कॅशियरच्या तोंडाला फेस लावत होते. उजव्या हातातला ब्रश खाली पडला. त्यांनी उचलला, परत पडला. भाचीनं आरशात पाहिलं तर बापाचं तोंड एका बाजूला ओघळलेलं. दुसरी कुणी असती तर पाणी पाजत, वारा घालत बसली असती. हिनं बापाला धरलं आणि सरळ कॅशियरच्या गाडीत घातलं. कॅशियरसाहेबांनी अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून चार सिग्नल पार केले. मेंदूच्या झटक्यात मिनिटामिनिटाला किंमत असते, वेळेत आणलंत म्हणून निभावलं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. त्या कॅशियरसाहेबांना मी आजही रस्त्यात दिसले की नमस्कार करतो.

जीव वाचला, चालणंही महिन्याभरात आलं. अडलं ते उजव्या हातापाशी. न्हाव्याचा उजवा हात गेला म्हणजे काय राहिलं? दाजी ताईला म्हणाले, "मी आता नुसता पंखा चालू-बंद करणारा." ताईनं डोळ्याला पदर लावला आणि मग त्यांच्यावरच खेकसली, की पंखा तरी नीट चालू करा, कालपासून तीनवरच आहे.

तिथल्याच हॉस्पिटलात एका नव्या गोळीची चाचणी चालली होती. झटक्यानंतर हात लवकर सुधारतो का, ते बघायचं होतं. एक वर्ष गोळी घ्यायची, दर महिन्याला जाऊन माप द्यायचं. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली, ते पेशंटला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. दाजींनी सही केली आणि पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं, आपली खरी.

"कशावरून?" मी विचारलं.

"कडू आहे. खोटी गोळी कोण कशाला कडू करेल?"

"फसवायचं असेल तर कडूच करतील ना," ताई म्हणाली. दाजींनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. बत्तीस वर्षांत ती कला त्यांना चांगली साधलीय.

माप घेणाऱ्या एक मॅडम होत्या, तिशीतल्या, शांत, दाजींना काका म्हणायच्या. त्या चालायला लावायच्या, बटणं लावायला सांगायच्या, छोट्या खुंट्या भोकांत बसवायला द्यायच्या. शेवटी एक दांड्याचं यंत्र हातात द्यायच्या. दाबलं की काटा किलो दाखवतो. दाजींचा डावा हात पस्तीस दाखवायचा. उजवा पहिल्या महिन्यात सहा, मग आठ, नऊ, अकरा. आणि अकरावर जो बसला तो बसलाच. पुढचे तीन महिने अकरा. दाजी घरी येऊन न जेवता भिंतीकडे तोंड करून पडायचे.

तरी ते हरले नव्हते, हे सांगायला हवं. वस्तरा धरायला ते लहानपणी फुग्यावर शिकले होते. फुगा फुगवायचा, त्याला साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्यानं तो फेस काढायचा. जरा हात चुकला की फट्! तोच धडा त्यांनी पुन्हा पहिल्यापासून गिरवायला घेतला. पहिल्या आठवड्यात एकवीस फुगे फुटले. शेजारच्या काकू विचारायला आल्या, वाढदिवस कुणाचा आहे? सहाव्या महिन्यापर्यंत दहात एखादा फुटायचा. गोळीची कमाल, दाजी म्हणायचे.

आणि मी, मूर्ख माणूस, झटक्याच्या दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या पायरीवर ताईला बोलून बसलो होतो, की आता दाजींच्या हातूनच दाढी करीन, नाहीतर नाही. भावनेच्या भरात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. सात महिन्यांत माझी दाढी गळ्याखाली उतरली. एका बाईंनी नळ दुरुस्तीला मला बोलावलं, दार उघडलं आणि परत लावून घेतलं.

मग ते पत्र आलं. चाचणी मुदतीआधीच बंद करत आहोत. मधल्या टप्प्यावर आकडे पाहिले तेव्हा खऱ्या गोळीवाल्यांत आणि दुसऱ्यांत काही फरक दिसला नाही, पुढे चालवून उपयोग होईल असं वाटत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू ठेवा, ही मात्र थांबवा. एकदा शेवटचं माप द्यायला या. आभार.

दाजींनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि भाचीला म्हणाले, "माझी खुर्ची काढून टाक. तिथे अजून एक बाकडं बसेल. गिऱ्हाइकं तुझ्यासाठी उभी असतात."

"अहो बाबा, पण हात सुधारतोय ना?"

"कुठे सुधारतोय? तीन महिने अकरा. आता गोळीही बंद. आहे तेही जाईल."

फुगे बंद झाले. दाजी बाकड्यावर बसून जुने पेपर वाचायला लागले. मला असा राग आला म्हणून सांगू! चार दिवस मी दुकानात फिरकलो नाही, पाचव्या दिवशी गेलो आणि वाट्टेल तसं बोललो. एवढ्या मोठ्या माणसाला असं बोलू नये, कळतं मला. "गोळीनं फरक पडत नव्हता असं तेच लिहितायत ना? मग सहावरून अकरा कुणी केले? गोळी गेली तर तुमचं काय गेलं?" दाजी शांतपणे म्हणाले, "पाना, तुझा नळ गळतोय."

भाचीनं खुर्ची उचलायला सोमवारी दोन माणसं बोलावली होती. शेवटचं माप शनिवारी होतं. दाजी जायला तयार नव्हते, ताईनं शर्ट पुढ्यात टाकला आणि मला सोबत धाडलं.

खोली तीच, टेबल तेच. मॅडमच्या चेहऱ्यावरही उत्साह नव्हता. त्यांचंही तीन वर्षांचं काम मधेच गुंडाळलं जात होतं, बिचाऱ्या. चालणं झालं, बटणं झाली, खुंट्या तर दाजींनी पूर्वीपेक्षा लवकर बसवल्या. मग ते यंत्र. काटा हलला आणि थांबला. अकरा.

माझा तोल गेला. "अहो दाजी, दाबा की जरा! इकडे आणा." मी यंत्र हिसकावून घेतलं आणि जीव खाऊन दाबलं. अठ्ठेचाळीस. आमच्या धंद्यात आवळलं नाही तर गळतं. "असं दाबायचं!"

दाजींनी माझ्या मुठीकडे बघून तोंड वाकडं केलं. "असा धरलास तर गिऱ्हाइकाचा गळा चिरशील."

मॅडम लिहायच्या थांबल्या. "काका, कुणाचा गळा?"

"असं आवळून कधी वस्तरा धरतात का? तीन बोटांत अलगद धरायचा. वजन त्याचं त्याला सांभाळू द्यायचं. माझ्या वडिलांनी असं आवळलेलं बघून माझ्या बोटांवर धार लावायचा पट्टा मारला होता."

"पण हा वस्तरा नाहीये, काका."

"तुम्हीच तर म्हणालात पहिल्या दिवशी. वस्तरा धरता ना, तसं धरा आणि दाबा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. पेशंट बावरलेला दिसला, म्हणून त्यांनी आपुलकीनं त्याच्या धंद्यातलं उदाहरण दिलं होतं. आणि हा भला माणूस सात महिने, दर महिन्याला, ते यंत्र वस्तऱ्यासारखं अलगद धरत होता! आवळायला लागलं की आतून बापाचा पट्टा आठवत होता आणि हात सैल पडत होता. डाव्या हाताला ही भानगड नव्हती. न्हाव्याचा डावा हात गिऱ्हाइकाचं डोकं धरतो, तो मोकळेपणानं दाबत होता.

"दाजी," मी म्हणालो, "भिजलेला टॉवेल पिळता ना दुकानात? तो पिळा."

त्यांनी यंत्र हातात घेतलं. डोळे मिटले. कपाळावरची शीर टरारून वर आली. मॅडम वाकून बघत होत्या, मी त्यांच्या खांद्यावरून. अठ्ठावीस.

मी ओरडलोच. बाहेरची नर्स आत डोकावून गेली. मला वाटलं दाजी हसतील, पण त्यांचा चेहरा पडला. "मॅडम, मग माझ्यामुळे बंद पडली का तुमची चाचणी? मी चुकीचे आकडे दिले म्हणून?"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही हो काका. चारशे माणसं होती. आणि मुख्य माप वेगळंच होतं, रोजची कामं किती करता येतात त्याचं. चूक माझी आहे, मी तसं लिहून पाठवीन." मग नाक पुसून म्हणाल्या, "तुमची गोळी खरी होती का खोटी, ते कळायला अजून काही महिने लागतील. कळवू ना?"

दाजींनी विचार केला. "नको. कडू होती एवढं पुरे."

सोमवारी खुर्ची उचलायला आलेल्या माणसांना भाचीनं चहा पाजून परत पाठवलं. त्या खुर्चीत मी बसलो होतो. शब्द मीच दिला होता, पळणार कुठे? भाचीनं कात्रीनं दाढीचं जंगल छाटलं. दाजींनी फेस लावला, वस्तरा पट्ट्यावर फिरवला आणि माझी हनुवटी वर केली. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. फुगा फुटला तर दुसरा फुगवता येतो.

"भीती वाटते का रे?" दाजींनी विचारलं.

"वाटते."

"मलाही. बोलू नकोस, गळा हलतो."

आयुष्यात पहिल्यांदा मी पंचवीस मिनिटं गप्प बसलो. हात एक-दोनदा थांबला, तेव्हा ते वस्तरा उचलून बाजूला धरायचे, श्वास घ्यायचे आणि पुन्हा लावायचे. कानाखाली एक बारीकशी चीर पडली, तिला तुरटी लागली. ताई दारात उभी होती.

मी टॉवेलनं तोंड पुसलं आणि उठलो. "झाली! फक्कड झाली!"

दाजींनी माझ्या गालावरून बोटांची मागची बाजू फिरवली, दाढी झाल्यावर न्हावी फिरवतात तशी. उजव्या हाताची. झटक्यापासून त्या बोटांना गरम-गार, खरखरीत काही कळत नव्हतं, चहाचा कप आम्ही डाव्या हातात द्यायचो. बोटं जबड्याच्या कोपऱ्यापाशी थांबली. पुन्हा मागे आली, पुन्हा तिथेच थांबली. दाजींनी बोटांकडे पाहिलं, मग ताईकडे.

"इथे खुंट राहिलेत," ते म्हणाले. "लागतायत मला. बस खाली, पाना."

मी बसलो.